इंचाला आठ फिन

ऊन परत आलं. हैदराबादचं ऊन पाहुण्यासारखं दारात खाकरत नाही, घरमालकासारखं सरळ आत येतं आणि कुठं बसायचं ते आपलं आपण ठरवतं. होळी झाली, दोन दिवस वारा अडला, आणि आज सकाळी अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीत मोगऱ्याची पहिली टोपली आली. ओल्या फडक्याखालच्या त्या घट्ट मिटलेल्या कळ्या बघितल्या की लोकांना काय काय आठवतं. लग्नं आठवतात, सुट्ट्या आठवतात. मला बाई कंडेन्सर आठवतो.

हसू नका. माझं आयुष्य त्या जाळीसमोर बसून गेलंय. उन्हाळा म्हणजे माझ्यासाठी सकाळी सहापासून वाजणारा फोन. अक्का, एसीतून पाणी गळतंय. अक्का, फ्रिज नुसता गुरगुरतो. आता गुडघे वाजतात, शिडीवर मी चढत नाही, पण फोनवरून आवाज ऐकून अजून सांगते की पंखा गेलाय की गॅस गेलाय.

माझी नात प्रज्ञा इंजिनियरिंगला आहे. परवा तिनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. पडद्यावर लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्यांचं एक चित्र, रांगोळीसारखं. थोडं इंग्रजीत, थोडं तेलुगूत आणि मधे मधे "आजी" एवढंच मराठीत, असं तिनं मला समजावलं. उष्णता टाकणारी जाळी जेवढी लहान करता येईल तेवढी करायची, आणि तेवढ्यातच जास्तीत जास्त पृष्ठभाग कोंबायचा. म्हणजे पत्रे जवळ जवळ, अगदी दाट. हा तिचा प्रोजेक्ट.

मी विचारलं, "आणि धूळ?"

ती म्हणाली, "धूळ मॉडेलमध्ये नाही घेतली, आजी."

तेव्हापासून डोक्यात तो उन्हाळा फिरतोय. पाच-सहा वर्षं झाली असतील. प्रज्ञाला मराठी वाचताना ओळीखाली बोट ठेवावं लागतं, तरी मी हे लिहितेय. ठेवू दे बोट. धूळ मॉडेलमध्ये नसते, पण गौलीगुड्याच्या गल्लीत असते, एवढं तिनं वाचलं तरी पुरे.

आधी एक सांगते. थंडावा कुणी तयार करत नाही. पेटीतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच काम. हमालीच म्हणा. माझे वडील नांदेडकडून आले आणि जन्मभर अफझलगंजच्या गोदामांत पोती वाहिली, म्हणून मला हे पहिल्याच दिवशी कळलं. मशीनमधला गॅस हा हमाल. आतून उष्णतेचं पोतं उचलतो, कंडेन्सरपाशी येऊन टाकतो, रिकामा होऊन परत जातो. कंडेन्सर म्हणजे वळवलेली तांब्याची नळी आणि तिच्यावर ओवलेले ॲल्युमिनियमचे कागदाएवढे पातळ पत्रे. त्यांना आम्ही फिन म्हणतो. फिनांमधून पंख्याचा वारा जातो आणि पोतं घेऊन जातो. वारा अडला की हमाल पोतं पाठीवर घेऊन उभा. आणि पोतं पाठीवर घेऊन माणूस किती वेळ उभा राहील?

शिकले कशी, तर फणीनं. आमचे हे सरकारी कचेरीत एसीच्या प्लँटवर होते आणि संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीची कामं घेत. वाकलेल्या फिना सरळ करायला एक दातेरी फणी असते. भात शिजेपर्यंत मी उंबऱ्यात बसून ती फिरवायची. लेकीच्या डोक्यात जशी बारीक फणी घालायची ना, तशीच. हात हलका लागतो आणि चीड आवरावी लागते. फणीवरून नळीवर आले, नळीवरून जोड डागायच्या गॅसच्या बत्तीवर. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं कंपन्यांच्या जाड इंग्रजी पुस्तकांतली चित्रं बघून आणि ह्यांना प्रश्न विचारून विचारून. हे गेले तेव्हा लोकांनी ठरवून टाकलं की दुकान आता बंद होणार. मी तिसऱ्या आठवड्यात शटर उघडलं.

सोपं नव्हतं. जुन्या शहरात एका वकिलांच्या घरी गेले होते. मराठीच माणसं, चार पिढ्या इथली. मला मराठी बोलताना ऐकून बाई खूश झाल्या आणि लगेच पूर्ण नाव विचारलं. नाव सांगितलं. मग चहा आला तो वेगळ्या पेल्यात. मी पेल्याकडे बघितलं आणि म्हटलं, चहा राहू द्या, कंडेन्सर कुठं आहे ते दाखवा. त्या दिवशी त्यांच्या गच्चीवर, तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून मी जी जाळी साफ केली तशी आयुष्यात कुणाची केली नसेल. माझ्या कामाला नाव ठेवायला जागा मिळू नये, एवढी माझी रग होती. अजून आहे.

तर त्या उन्हाळ्यातली लक्ष्मम्मा. गौलीगुड्यात बस स्टँडकडून आत येणाऱ्या गल्लीत तिचं फुलांचं दुकान. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. नवरा गेल्यावर तीच बसायची. जागा सासूच्या नावावर, आणि धाकट्या दिराला, शीनूला, तिथं मोबाईलचे कव्हर विकायचे होते. घरात रोज वाद. शेवटी सासूनं निकाल दिला. तिला सगळे अव्वा म्हणत. अव्वा म्हणाली, थोरल्या सुनेच्या गार पेटीत या हंगामात फुलं टिकली तर जागा तिची, काळी पडली तर बोनालूनंतर शीनूची. बोनालू म्हणजे इकडचा आषाढातला देवीचा सण. फाल्गुन ते आषाढ, एवढी मुदत.

निकाल ऐकायला सरळ होता. पण पेटी दुपारी दोनला बंद पडायची. काचेच्या दाराची उभी पेटी, मशीन खाली, आणि मागं भिंत जेमतेम वीतभर अंतरावर. सकाळी छान गार. ऊन डोक्यावर आलं की मशीन तापायचं, टक् करून थांबायचं, अर्ध्या तासानं चालायचं, परत थांबायचं. मोगरा मुका असतो, पण खराब व्हायला त्याला अर्धा तास पुरतो. कळी पिवळी होते, मग देठापासून तपकिरी. लक्ष्मम्मा त्या कळ्या निवडून पदराखाली लपवायची, शीनूला दिसू नयेत म्हणून.

कंपनीचे सर्व्हिस इंजिनियर रमणागारू येऊन गेले होते. गारू म्हणजे आपलं राव. मोठं मशीन घ्या, बाहेर बसवा, म्हणाले. बाहेर कुठं? बाहेर गल्ली, गल्लीत माणसं. मग लक्ष्मम्मानं मला बोलावलं. मी पेटीपुढं मांडी घालून खालचं झाकण उघडत होते तेवढ्यात रमणागारू परत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गल्लीत इकडे तिकडे बघितलं आणि लक्ष्मम्माला विचारलं, "मेकॅनिक एक्कडम्मा?" मेकॅनिक कुठाय?

लक्ष्मम्मानं पकड माझ्या हातात दिली. म्हणाली, "इथंच बसलाय. जरा सरका, उजेड अडतोय."

झाकण निघालं तर आत जाळी दिसेचना. पांढरा नमदा, दाबून बसवलेल्या लोकरीसारखा. शेजारी रजई-गाद्यांचं दुकान, दिवसभर कापूस पिंजायचं काम, आणि सगळा भुरा पंखा ओढून घेणार. मी तो सोलून काढला तर चादरीसारखा अखंड निघाला. खाली फिना मोजल्या. इंचाला चौदा. कापसाचा तंतू त्यांच्यातून जाईल तरी कसा? साफ केलं, मशीन चाललं, आठ दिवसांनी परत नमदा. रजईवाल्याला काय सांगायचं? त्याचंही पोट आहे. आणि गल्लीला सांगून गल्ली बदलत नाही. मशीन बदलायचं.

ते मी ठरवलं ना, तेव्हा माझ्या अंगात जे आलं ते आज सांगताना पण येतं. का म्हणून आम्हीच दर वेळी जाळी पुसायची? ज्यानं जाळीचा आराखडा काढला त्यानं एसीत बसून काढला. त्याला वाटलं, जागा लहान आहे तर पत्रे दाट करू. कागदावर बरोबरच आहे ते. पण गल्लीत दाट म्हणजे बंद. मी इंचाला आठ फिना घालायच्या ठरवल्या, तंतू आरपार जावा एवढी फट ठेवून. पृष्ठभाग कमी झाला तो भरून काढायला नळी बारीक घ्यायची, म्हणजे तेवढ्याच जागेत नळ्या जास्त बसतील. लहान ठेवायचंच होतं, पण दाटीनं नाही.

रमणागारूंनी मोबाईलवर हिशेब करून दाखवला. फिना एवढ्या कमी म्हणजे क्षेत्रफळ एवढं कमी, मशीन जळणार, वॉरंटी आजपासून संपली. माणूस वाईट नव्हता. त्याला जे शिकवलं ते बोलत होता. मी म्हटलं, "साहेब, तुमचं क्षेत्रफळ रजईखाली झाकलेलं आहे. माझं थोडं आहे, पण उघडं आहे."

अफझलगंजला युसूफभाई कॉइल बनवतात. ह्यांच्या वेळेपासूनचे. माझा कागद बघून त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "नक्को आपा. इत्ते कम फिन में क्या ठंडा होता? लोगां मेरेकु हसते." मी स्टुलावर बसले आणि उठलेच नाही. दोन चहा झाले. त्यांच्या साच्यातून चौदाच निघायच्या, म्हणून आठाच्या फिना हातानं ओवायच्या ठरल्या. लाकडाच्या पट्टीवर खाचा पाडल्या, खाचेत एकेक पत्रा उभा केला, मग नळ्या आरपार घातल्या. शेवटी नळीतून पोलादी गोळी दाबून काढायची. गोळी पुढं जाते तशी नळी आतून फुगते आणि प्रत्येक पत्रा तिला गच्च धरतो. ते करकरणं मला फार आवडतं. दोघांच्या बोटांना कापल्याच्या बारीक रेघा. युसूफभाई शेवटपर्यंत कुरकुरत होते आणि शेवटपर्यंत एकही पत्रा वाकडा बसू देत नव्हते.

आणि मग मी चूक केली. मोठी. बारीक नळी घेतली ती एकच, लांबलचक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. वाकणं कमी, जोड कमी, गळतीची भीती कमी, म्हणून मी स्वतःवर खूश. सकाळी पेटी अशी गार की काचेवर दव. दुपारी दीडलाच मशीन थांबलं. आधी दोनला थांबायचं, माझ्या कॉइलनं दीडला. लग्नासाठी ओवलेल्या माळा होत्या आत. संध्याकाळपर्यंत तपकिरी. या वेळी लपवता आलं नाही, कारण शीनू दारातच उभा होता. "वदिना, डॉक्टरीण तर बसवलीस, आता सलाईन पण लाव," म्हणाला. वदिना म्हणजे वहिनी.

अव्वापर्यंत गेलंच. ती आली नाही, निरोप आला. एकदा झालं ते मोजत नाही. आणखी एकदा झालं तर बोनालूची वाट बघणार नाही.

  मी घरी आले, जेवले नाही, भिंतीला टेकून बसले. रमणागारूंचा हिशेब खरा होता का? पत्रे तर उघडे होते, वारा चांगला जात होता, मी हात लावून बघितला होता. मग हमाल कुठं अडत होता? आणि हमाल म्हटल्यावर वडील आठवले. गोदामाला जिना अरुंद असला की ते मुकादमाशी भांडायचे. सगळ्यांना एकाच जिन्यानं सोडू नको, म्हणायचे, खालचा ढकलतो, वरचा अडतो, आणि दम सगळ्यांचाच जातो. मागचा जिना उघड. माझी नळी अरुंद जिना होती. मी सगळा गॅस एकाच जिन्यानं कोंबला होता आणि ढकलता ढकलता मशीन तापत होतं. दुसरा जिना उघडायचा होता.

माझे वडील निरक्षर होते, हे मुद्दाम लिहिते. नंतर प्रज्ञानं सांगितलं की याला इंग्रजीत मोठं नाव आहे. असू दे.

परत युसूफभाई, परत खाचांची पट्टी. या वेळी नळीच्या तीन वाटा केल्या, गॅस तिघींत वाटून जाईल आणि शेवटी एकत्र येईल अशा. गरम गॅस शिरतो ती बाजू वाऱ्याच्या निघायच्या अंगाला ठेवली, म्हणजे निवत आलेल्या गॅसला शेवटी ताजा वारा मिळतो. आणखी एक गोष्ट सापडली. मागची भिंत जवळ म्हणून मशीन आपलाच गरम श्वास परत ओढत होतं. पंख्याभोवती पत्र्याची चौकट बसवून मी तो रस्ता बंद केला. जोडांवर साबणाचा फेस लावून बघितला, एकही बुडबुडा नाही. गॅस पण पहिल्यापेक्षा कमी लागला. युसूफभाईंनी कॉइल कापडात गुंडाळून दिली आणि एवढंच म्हणाले, "हौ आपा, अब लेके जाव. दुआ मैं इधर से करतूं."

वैशाख लागला होता. तो उन्हाळा डोळे मिटले की अजून अंगावर येतो. डांबर मऊ झालेलं, कुत्री गटाराच्या झाकणावर पसरलेली, बस स्टँडवरून येणारा डिझेलचा आणि कापलेल्या कलिंगडाचा वास, आणि मधेच, काही कारण नसताना, मोगऱ्याची एक झुळूक. मी स्टूल घेऊन पेटीशेजारी बसले. एक दिवस नाही, सलग तीन दुपारी. मीटर होता, पण माझा हातावर जास्त विश्वास. कंडेन्सरमधून बाहेर पडणारी नळी मुठीत धरायची आणि मनात मोजायचं. पाच मोजेपर्यंत हात धरवला तर हमाल पोतं टाकून निघाला. दोन मोजतानाच सुटला तर समजायचं, संपलं.

पहिल्या दुपारी पाच. दुसऱ्या दुपारी पाच. तिसऱ्या दुपारी पारा त्रेचाळीसवर गेला, व्होल्टेज उतरलं, रजईवाल्याकडे नेमका नवीन कापूस आलेला, गल्लीत भुरा पिसांसारखा तरंगत होता. मी मूठ आवळली. एक. दोन. तीन. लक्ष्मम्मा माझ्या मुठीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. चार. पाच. मी सात मोजले आणि मग हात सोडला, तोही घामानं निसटला म्हणून. जाळीतून कापसाचे तंतू आत जात होते आणि पलीकडून निघून जात होते, जशी यात्रेतली माणसं एका दारानं शिरून दुसऱ्यानं निघतात.

मशीन थांबलं नाही. ज्येष्ठात थांबलं नाही. रमणागारू एकदा येऊन खाली वाकून बराच वेळ बघत बसले. मोबाईल काढला, ठेवून दिला. निघताना मला अम्मा न म्हणता मॅडम म्हणाले. मला अम्माच बरं वाटतं, पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

मला कुणी सांगू नये की हे योगायोगानं झालं, किंवा बाईच्या हाताला गुण होता म्हणून झालं. हाताला गुण नसतो. मोजलं, चुकलं, परत मोजलं. आणि असंही कुणी सांगू नये की मोठ्या कारखान्यातल्या माणसांनी विचार करायचा आणि गल्लीतल्या माणसांनी साफसफाई करायची. ज्याच्या अंगावर ऊन पडतं त्यालाही डोकं असतं. प्रज्ञा, हे तुझ्यासाठी आहे. तुझ्या रंगीत चित्राला माझा विरोध नाही, मला ते आवडलं. पण त्याच्यात कापूस घाल, भिंत घाल, वैशाखातली दुपार घाल. नंतर मला दाखव.

बोनालूच्या आदल्या आठवड्यात अव्वा आली. तेही मुद्दाम दुपारी दोनला, रिक्षातून, काठी टेकत. मागं शीनू. त्याचं बोलणं तयार होतं. ही पेटी आता कंपनीची राहिली नाही, हिच्या पोटात काय काय घातलंय, हे काही खरं नव्हे, अट कंपनीच्या पेटीची होती. अव्वानं त्याला बोलू दिलं. मशीनकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मी चौकट, वाटा, सगळं समजावून सांगायच्या तयारीत होते. माझ्याकडेही बघितलं नाही.

तिनं लक्ष्मम्माला सांगितलं, खालच्या फळीवरची दे. आजची नको, कालची दे.

लक्ष्मम्मानं केळीच्या पानात गुंडाळलेली माळ काढली. अव्वानं ती नाकाशी नेली, एक कळी नखानं उकलली. आतून पांढरी. अजून मिटलेली होती, संध्याकाळी फुलली असती.  रजईवाल्यानं पिंजणं थांबवलं होतं.

"कालचीच ना?" अव्वानं विचारलं.

"कालची."

अव्वानं काठी शीनूच्या हातात दिली, धर म्हणाली, आणि दोन्ही हातांनी ती माळ लक्ष्मम्माच्या केसांत माळली. नवरा गेलेल्या सुनेच्या. भर गल्लीत, भर दुपारी. इतकी वर्षं दिवसाला शंभर बायकांच्या केसांसाठी कोपरापासून बोटांपर्यंत हातानं माळ मोजून देणारी ती, स्वतःचं डोकं रिकामं ठेवून बसायची, आणि आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मलासुद्धा नाही. मी यंत्रातच डोकं घालून बसले होते.

शीनू काठी धरून उभा राहिला. अव्वा म्हणाली, "चल, रिक्षा थांबलीय," आणि निघाली.

लक्ष्मम्माचा हात केसांकडे गेला. मला वाटलं, काढतेय. तिनं फक्त माळ सरकू नये म्हणून चाप नीट बसवला, पुढं खोळंबलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली आणि विचारलं, किती हात देऊ?